पाणी परत जातंय

गुलाबी रंग आला, फ्लास्क हलवल्यावरही टिकला, आणि तिने ब्युरेटवरची रेघ वाचली. मग चष्मा कपाळावर सरकवून, डोळा रेघेच्या पातळीला नेऊन पुन्हा वाचली. गुणाकार करायची तशी गरज नव्हती, इतक्या वर्षांत रेघ बघूनच तिला व्हॅल्यू कळायची, तरी कागदाच्या कपट्यावर तिने तो करून पाहिला. एकतीस. रजिस्टरात एक वाजताच्या रकान्यात तिच्याच अक्षरात एकतीस लिहिलेलं होतं, आणि आता दोन वाजले होते. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. व्हॅल्यू म्हणजे भांड्यात अजून किती आम्ल शिल्लक आहे त्याचं माप. दर तासाला खालून बाटलीभर नमुना यायचा, ती त्यात थेंब थेंब अल्कली सोडायची आणि रंग फिरला की थांबायची. आम्ल खपत जाईल तसा आकडा उतरत जायचा, पाचाच्या खाली आला की माल तयार. मध्येच कधीतरी तो अडकायचा. अडकतोच, त्यात काय जगबुडी नाही, असं ती लॅबमधल्या नव्या मुलींना हजारदा सांगत आली होती. पण आज पेन दोनच्या रकान्यावर टेकलं आणि हात आपणहून चोवीस लिहायला निघाला. दोनाचा आकडा निम्मा उमटलासुद्धा. तिने पेन उचललं आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बावीस वर्षं झाली होती, आणि हात अजून तसाच होता.

कारखाना एसेन्सचा होता. फळांची नावं असलेल्या बाटल्या तिथून बाहेर पडायच्या आणि त्यातल्या एकाही बाटलीत फळाचा टिपूससुद्धा नसायचा. आम्ल आणि अल्कोहोल मोठ्या भांड्यात घालायचं, तापवायचं, आणि त्या दोन घाणेरड्या वासांतून पिकलेल्या केळ्याचा गोड वास तयार व्हायचा. तिला या वासाचं अप्रूप कधी वाटलं नाही, कारण तो तिच्या घरातच होता. लहानपणी वडील जिन्यात असायचे तेव्हाच तो दाराच्या फटीतून आत यायचा आणि ती पुस्तक मिटून उठायची. वडील त्या भांड्यावर ऑपरेटर होते. सातवी शिकलेला माणूस, पण भांड्याचं झाकण किंचित उचलून हुंगायचे आणि म्हणायचे, 'वीसच्या आसपास आहे,' आणि लॅबमधून वर आकडा यायचा एकोणीस नाहीतर एकवीस. सगळा कारखाना त्यांना नाकराव म्हणायचा. लॅबवाले चेष्टेने म्हणायचे, नाकराव रजेवर गेले की मगच आम्हाला पगार हलाल वाटतो. वडिलांना ते आवडायचं. घरी येऊन ते आईला सांगायचे आणि आई म्हणायची, 'मग भाजी करपलेली कशी कळत नाही नाकाला?' आणि तिघंही हसायची.

ती रसायनशास्त्र शिकली तीही त्या वासापायीच. कॉलेजात समतोल शिकवला तेव्हा फळा भरून समीकरणं होती, दोन्हीकडे टोकं असलेले बाण होते, आणि परीक्षेत तिला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण पडले. घरी येऊन तिने वडिलांना मोठ्या ऐटीत समजावलं. म्हणाली, बाबा, तुमच्या भांड्यात एक वेळ अशी येते की सगळं थांबल्यासारखं दिसतं, पण थांबलेलं काहीच नसतं. जेवढा माल तयार होतो तेवढाच मोडून परत आम्ल होतो, पुढची चाल आणि मागची चाल सारखी, म्हणून आकडा हलत नाही. वडिलांनी मान डोलावली. मग म्हणाले, 'हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं गं. पण आम्ही एवढं जाणतो, की त्यातलं पाणी काढत राहायचं.' माल तयार होतो तेव्हा सोबत पाणीही तयार होतं, आणि ते भांड्यात राहिलं की मालाला मोडायला लागतं. म्हणून भांड्याच्या वर काचेची एक बरणी बसवलेली असते. वाफ थंड होऊन तिच्यात पडते, पाणी तळाशी बसतं, वरचं तेल भांड्यात परत जातं, आणि तळाचं पाणी कॉक उघडून बाहेर सोडायचं. 'पाणी काढलं की भांड्याला वाटतं आपलं काहीतरी कमी झालं,' वडील म्हणाले, 'मग ते कमी झालेलं भरून काढायला धावतं. आपण काढत राहायचं, ते धावत राहतं. शेवटी आम्ल संपतं बिचाऱ्याचं.' पुस्तकातली पाच पानं या माणसाने एका बिचाऱ्यात बसवली होती. तेव्हा तिला हसू आलं होतं, आणि मैत्रिणींना तिने ते नक्कल करून सांगितलंही होतं.

तिला लॅबमध्ये नोकरी लागली ती वडिलांच्या शब्दावर. तेविसाव्या वर्षी पांढरा कोट घालून ती खाली काचेच्या खोलीत बसायची आणि वडील वर फलाटावर, भांड्यापाशी. मध्ये लोखंडी जिना आणि एक आतला फोन. दर तासाला फोन वाजायचा. 'किती आली?' एवढंच. कामावर असताना ते तिला नावाने हाक मारत नसत, अगं-तुगंही करत नसत, पण 'किती आली' या दोन शब्दांत तिला सगळं ऐकू यायचं. आपली मुलगी खाली बसून आकडा सांगते आणि आपण वर त्यावर भांडं चालवतो, याचा त्या माणसाला किती आनंद होता ते ती जाणून होती. तोच आनंद पुढे नडला, असं आता तिला वाटतं. कधी वाटतं, आनंदावर कशाला ढकलायचं, नडले आपणच.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी वडिलांना सर्दी झाली होती. साधी सर्दी, डोळे लाल, नाक चोंदलेलं, आणि फलाटावर जो तो त्यांची थट्टा करत होता, की नाकराव आज बिननाकाचे. एक वाजता व्हॅल्यू अडतीस आली. दोन वाजता तिने नमुना घेतला, अल्कली सोडली, आणि पुन्हा अडतीस. तेव्हा तिला भीती वगैरे वाटली नाही. तिला फक्त वाटलं, माझंच चुकलं. वडिलांच्या भांड्यातला घाणा कधी अडकत नाही हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. तासाला सात-आठने उतरणारच, घड्याळ लावून घ्यावं असा. तेव्हा चुकली असेल ती आपली रेघ, आपला थेंब, आपलं वजन. पुन्हा काढून बघायला हवं होतं. ती नवी होती, दोन वेळा काढायला लागलं हे शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ बाईंना दिसलं असतं, आणि तेवढ्यात फोन वाजला. 'किती आली?' वडिलांचा आवाज नाकातून येत होता. मग जरा थांबून म्हणाले, 'पाणी थोडं कमी दिसतंय मला. बरणीची काच आतून धुरकटलीये, नीट कळत नाही. किती आली?' तिने डोळे मिटून सात-आठ वजा केले आणि म्हणाली, 'तीस.' 'मग ठीक आहे,' ते म्हणाले. 'आकडा उतरतोय म्हणजे पाणी निघतंय.' आणि फोन ठेवला.

या एका वाक्यापाशी ती बावीस वर्षं येऊन थांबत आली आहे. आंघोळ करताना, बसच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली असताना. त्यांना शंका आली होती. नाक बंद होतं, काच धुरकट होती, तरीही तीस वर्षांच्या सवयीने त्या माणसाला कुठेतरी खुटखुटलं होतं आणि त्याने विचारलं होतं. तिच्या तीसने ती शंका पुसून टाकली. तिने त्यांच्यावर विश्वास ठेवून आकडा लिहिला, त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवून भांडं चालवलं. दोघं एकमेकांच्या भरवशावर इतकी निर्धास्त होती की भांड्यात खरं काय चाललंय ते बघणारं कुणी उरलंच नाही. तीन वाजता तिने मोठ्या काळजीने पुन्हा काढलं आणि अडतीसच आलं. आता कळलं होतं. फोन उचलून 'बाबा, अडकलीये, मघाशी मी चुकीचं सांगितलं' एवढं म्हणायचं होतं. तिने बावीस लिहिलं. चार वाजता तिने ब्युरेट भरलीच नाही. नमुन्याच्या बाटल्या ती मोरीत ओतत गेली आणि चौदा, आठ, चार असे सुबक आकडे सुबक अक्षरात लिहीत गेली. त्यांच्या तोंडून येणारं प्रत्येक 'बरं' तिला सुटका झाल्यासारखं वाटत होतं, ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. मनात असंही होतं की आपोआप उतरेल. कुणी न बघता, आतल्या आत, तिने लिहिलेल्या आकड्यांपर्यंत भांडं येऊन पोचेल.

चार आली म्हणजे पुढचं काम सोड्याचं. भांडं निवू द्यायचं आणि उरलंसुरलं आम्ल मारायला मापातला सोडा टाकायचा. चार व्हॅल्यूला सोड्याने जरा फसफसतं, चहा उतू जायच्या आधी येतो तेवढा फेस येतो. त्या संध्याकाळी भांड्यात चार नव्हती, अडतीस होती. तिने खालून पाहिलं. झाकणाच्या तोंडातून आधी पांढरी बोटभर कड वर आली, मग एकदम सगळंच आलं, फलाटावरून, जिन्यावरून, लोखंडी जाळीतून खाली, पांढरा, गरम, केळ्याच्या वासाचा फेस. वडील ओरडत होते, 'बाजूला व्हा! फेस! बाजूला व्हा!' दोन माणसांना त्यांनी जिन्याकडे ढकललं आणि झाकण ओढायला स्वतः हात घातला. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. सगळा घाणा गटारात गेला आणि आठवडाभर त्या बाजूच्या वस्त्यांत केळ्याचा वास येत राहिला, मुलांना त्याची मजा वाटली म्हणे. चौकशीला साहेबांनी रजिस्टर समोर ठेवून तिला विचारलं, 'हे आकडे दर तासाला काढलेले आहेत ना?' ती हो म्हणाली. साहेब आणखी काही विचारणार तेवढ्यात वडीलच पुढे झाले, हाताला हे भलंमोठं बँडेज. 'आकड्यांत काही नाही साहेब,' ते म्हणाले. 'तिने चार सांगितली म्हणजे चारच असणार. सोड्याचं माप माझ्याकडून चुकलं असेल. सर्दीने डोकं जड होतं.' भांड्याच्या तळाशी उरलेलं तपासायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तर तपासणारीही तीच होती. तीन दिवसांनी बरणी धुताना खालच्या कॉकमध्ये रबराचा नखाएवढा तुकडा सापडला. गोंधळात पडला असेल म्हणून कुणीतरी तो टोपलीत टाकला. पाणी त्या तुकड्याला अडलं होतं, बरणी भरून वरच्या तेलाबरोबर भांड्यात परत जात होतं, दुपारी एक वाजल्यापासून. हे त्या क्षणी फक्त तिला कळलं, आणि ती मूग गिळून गप्प बसली.

वडिलांना भांड्यावरून काढलं आणि मागच्या आवारात पिंपं धुवायला दिलं. निवृत्तीला नऊ वर्षं होती, ती त्यांनी तिथे काढली. त्यांच्या जागी आलेल्याला घाणा नीट जमत नव्हता तेव्हा ते आवारातूनच हवा हुंगायचे आणि स्वतःशी म्हणायचे, पंचवीस असेल. पण वर जाऊन सांगायचे नाहीत. नाकराव म्हणायचंही हळूहळू लोकांनी सोडून दिलं. दर तासाला वाजणाऱ्या फोनवर आता दुसरंच कुणी विचारायचं, आणि ती खरा आकडा सांगायची. त्यानंतर तिने एकही खोटा आकडा लिहिला नाही, संशय आला तर तीनदा काढला, आणि त्याचंच फळ म्हणून एके दिवशी ती लॅबची प्रमुख झाली. त्या दिवशी वडिलांनी सगळ्यांना पेढे, लाडू काही न वाटता प्रत्येकाचा हात हातात घेऊन फक्त सांगितलं, 'माझी मुलगी.' घरात कुणी कधी आवाज चढवला नाही. पुस्तकात होतं तसंच झालं. समतोलावर काही लादलं की तो थोडा सरकतो, लादलेलं थोडं हलकं करतो आणि नव्या जागी बसतो. आधीच्या जागी मात्र परत जात नाही. वडील कमी बोलायला लागले, आई दोघांच्या वाटणीचं बोलायला लागली, जेवणाच्या वेळा बदलल्या, ती दोन वेळा आलेली चांगली स्थळं नाकारून तिथेच राहिली, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते एक शांत, सुखी घर दिसायचं. सांगायला हजार संध्याकाळी होत्या. आई गेली त्या वर्षी ती दोनदा अगदी तोंडाशी आलेलं गिळून बसली. आता म्हातारपणी कशाला त्यांना त्रास, असं म्हणायची सोय झाली, आणि ती सोय तिने वापरली.

टेबलावरचा फोन तिने उचलला. 'एकतीस,' ती म्हणाली. 'दोन्ही वेळा एकतीस. अडकलीये.' पलीकडे सध्याचा ऑपरेटर होता, पन्नाशीचा, देहाने अवाढव्य, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. 'अरेच्चा,' पैलवान म्हणाला. 'थांबा मॅडम, बघतो.' तिने दोनच्या रकान्यातला अर्धा दोन खोडला, सही केली आणि शेजारी स्वच्छ एकतीस लिहिलं. मग काचेतून वर बघत राहिली. पैलवान जिना चढला, बरणीपाशी वाकला, पान्याने काहीतरी ठोकलं, कुणालातरी शिवी घातली. पाण्याची धार बादलीत पडल्याचा आवाज तिला खालपर्यंत आला. फोन वाजला तेव्हा तिने घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं झाली होती. 'झालं मॅडम. कॉकमध्ये कचरा होता.' 'झालं?' तिने विचारलं. 'झालं की. आता तासाभरात बघा कशी उतरते. बरं झालं लगेच सांगितलंत, नाहीतर बसलो असतो संध्याकाळपर्यंत शेगडी फुंकत.' ती 'हो' म्हणाली आणि फोन ठेवायचं विसरून तसाच हातात धरून बसली. वीस मिनिटं. एक पाना, एक बादली आणि एक शिवी. एवढ्यावर तिच्या वडिलांची नऊ वर्षं होती. ती उठली, तीनचा नमुना सहायक मुलीच्या हवाली केला, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाहेर पडली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. दारावरच्या रखवालदाराने विचारलंसुद्धा, 'बरं नाही का मॅडम?'

भर दुपारी घराकडे जाणारा रस्ता तिला अनोळखी वाटला. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं पेंगत होती, एका शाळेतून पाढे ऐकू येत होते. दोन वर्षांपासून वडिलांच्या डोक्यातलं मोडत चाललं होतं. आधी चाव्या, मग माणसांची नावं, मग आई गेलीये हे. तिला ते कधी ओळखायचे, कधी नाही. उरला होता तो कारखाना. दुपारी चारच्या सुमाराला, घड्याळ न बघता, ते खुर्चीत ताठ व्हायचे आणि विचारायचे, 'किती आली?' पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा ती सुट्टीच्या दिवशी त्यांच्या समोर कांदे चिरत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, 'चार.' त्यांचा चेहरा उजळला. मग तोच रिवाज पडला. दिवसभर त्यांच्याजवळ बसणाऱ्या मावशीलाही तिने सांगून ठेवलं, की त्यांनी विचारलं की चार म्हणायचं, म्हणजे त्यांना बरं वाटतं. आणि बरं वाटायचं, पाच-दहा मिनिटं. 'सोडा काढा,' ते म्हणायचे, हवेत माप धरायचे, ओतायचे. मग हळूहळू त्यांची नजर बदलायची. ते खुर्चीतून उठायला धडपडायचे, उजवा हात डाव्याने चोळायचे, ओरडायचे, 'फेस! बाजूला व्हा!' मावशीला त्यांना धरून ठेवायला लागायचं. डॉक्टर म्हणाले, दिवस कलला की असे रुग्ण अस्वस्थ होतात, त्याला इलाज नाही. तिने ते मान्य केलं होतं. चार आणि फेस यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे रसायनशास्त्र शिकलेल्या त्या बाईला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. किंवा दिसलं होतं, आणि तिने तो नमुनाही मोरीत ओतला होता. चालता चालता ती थांबली आणि एका बंद दुकानाच्या फळीला धरून उभी राहिली.

'अगं बाई, लवकर कशी?' मावशीने दार उघडत विचारलं. 'आत्ताच उठलेत. आज जरा शांत आहेत, पण अजून वेळ व्हायचीये ना त्यांची.' तिने मावशीला चहा टाकायला सांगितला आणि वडिलांच्या समोर स्टूल ओढून बसली. ते गॅलरीच्या दाराशी खुर्चीत होते, दाढी वाढलेली, उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. भाजलेल्या जागेची कातडी अजून गुळगुळीत होती, बिनकेसांची. आपण यांच्या अंगाला रोज तेल लावतो आणि या जागेला कधी बोटही लावत नाही, असं तिच्या लक्षात आलं. तिने त्या जागेवर हात ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सभ्यपणे, परक्या बाईकडे बघावं तसं. मग खोल श्वास घेतला, नाकपुड्या हलल्या. तिच्या कपड्यांतला वास त्यांना आला असावा. ते ताठ झाले.

'किती आली?'

आतून मावशी सवयीने ओरडली, 'चार आली, बाबा, चार!'

'नाही,' ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाली. 'नाही बाबा. अडतीस आली. एक वाजता अडतीस होती, दोन वाजताही अडतीस. मी तीस सांगितली, ती खोटी होती. चारही खोटी. मी काढलीच नव्हती. मी नुसतं लिहीत गेले.' आणखी बरंच होतं, साहेबांसमोरचं, रबराच्या तुकड्याचं, पिंपांचं, पण ते न सांगता ती त्यांच्या हातावरच्या त्या गुळगुळीत कातडीकडे बघत राहिली. बावीस वर्षं तिने या क्षणाचे निरनिराळे शेवट योजून ठेवले होते. ते रागावतील, रडतील, म्हणतील मला ठाऊकच होतं. यातलं काहीही चाललं असतं.

वडिलांच्या कपाळाला आठी पडली. ती रागाची नव्हती. ती तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. फलाटावर उभे असताना पडायची ती, कामाची.

'अडतीस,' ते म्हणाले. 'दोन्ही वेळा?'

'दोन्ही वेळा.'

'मग पाणी परत जातंय.' एक क्षणही लागला नाही त्यांना. 'बरणीत अडकलंय. खालचा कॉक बघ, कचरा असेल. आणि सोडा नका टाकू कुणी. अडतीसला सोडा टाकला तर फेस येईल, माणसं भाजतील.' मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणला. 'रडतेस काय? लॅबला नवीन आहेस का?'

तिने होकाराची मान हलवली.

'म्हणून घाबरलीस. अगं, अडकली तर अडकली म्हणायचं. मी काय खातो की काय तुला? भांडंच आहे ते, अडकतं.' त्यांनी तिच्या हातावर दोनदा थोपटलं. 'माझी मुलगी आहे तिथे खाली. तिच्याकडून शिकून घे. ती असती ना आज, तर तिने लगेच सांगितलं असतं.'

मावशी चहाचे कप घेऊन दारात उभी होती आणि एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. 'जा,' वडील म्हणाले, 'कॉक बघ आधी.' ती उठली. स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली आणि नळ पूर्ण सोडला. पाणी मोठ्या आवाजाने सांडत राहिलं, आणि त्या आवाजात तिने रडून घेतलं, तोंडावर पदर न घेता, जसं आलं तसं. मग नळ बंद करून, तोंड धुऊन बाहेर आली. 'मोकळा केला, बाबा,' ती म्हणाली. 'पाणी निघतंय.'

'ऐकलं मी,' ते म्हणाले. 'आता उतरेल.'

ते खुर्चीत मागे टेकले. ती समोरच्या स्टुलावर बसून राहिली, मावशी दाराशी बसली, एक हात गुडघ्यावर, लागलीच उठता यावं अशी. चहा निवला. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ साडेचारवरून पावणेपाचवर गेलं, मग पाचवर. खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका झाला आणि ओसरला. वडिलांचा उजवा हात एकदा हलला, तेव्हा मावशी अर्धी उठली. पण त्यांनी फक्त नाकावरची माशी उडवली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. सव्वापाचला त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, 'आता किती?'

'तीस,' ती म्हणाली. 'उतरतेय.'

'घाई नको करू,' ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. सहा वाजून गेले. मावशी घरी जायला निघाली, चप्पल घालता घालता वळून कुजबुजली, 'आज फेस आला नाही हो.'

'नाही आला,' ती म्हणाली.